रांगेतला पहिला ड्रम

लिंबाखाली ड्रमांची रांग लागली होती आणि सगळ्यांत पुढचा निळा ड्रम म्हाळसाबाईचा होता. टँकर आठ दिवसांनी यायचा. त्या पहिल्या नंबरासाठी ती उजाडल्यापासून ठिय्या मारून बसली होती.

साडेनऊला फोन वाजला. टँकरवाल्या रामकिसनचा मेसेज. गल्लीच्या ग्रुपवर पटापट अंगठे उमटले. म्हाळसाबाईनं मात्र चष्मा पुसला आणि पहिल्या अक्षराखाली बोट धरलं. वाचायला लागून तिला जेमतेम चार महिने झाले होते. सून शालूनं नियमच घालून दिला होता: ग्रुपवर काही आलं की सासूनं ते मोठ्यानं वाचायचं, आवाज भरून पाठवायचा, मग शालू 'बरोबर' नाहीतर 'परत' असं कळवणार.

गावाकडं संध्याकाळी मेंढरं आत घेताना म्हाळसाबाई एकेकीच्या पाठीवर हात ठेवून मोजायची. नुसत्या नजरेनं मोजलेला कळप तिनं कधी खरा मानला नाही. अक्षरांनाही तिनं तोच न्याय लावला होता. बोट जरा जोरात लागलं की मेसेज वर पळायचा, मग त्याला वळवून आणायचं.

'टँकर दहा वाजता. आज लिंबाखाली नाही, शाळेच्या मागे. चौकात पाइपसाठी खोदले आहे.'

तिनं आवाज भरला, पाठवला. पण शालू शेंद्र्याच्या एमआयडीसीत, कंपनीत कामावर. तिथं फोन गेटवरच जमा. आता 'बरोबर' येणार ते जेवणाच्या सुट्टीत.

म्हाळसाबाईनं मागं पाहिलं. सगळी रांग निवांत गप्पा मारत होती. एवढी शिकलेली माणसं हलत नाहीत, म्हणजे आपलंच काही चुकलं असणार. आणि नंबर गेला तर घरात आठ दिवसांच्या धुण्याचा ढीग आहेच. तिनं पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. तेच निघालं. मग तिनं पदर खोचला, ड्रम आडवा केला आणि ढकलत निघाली.

"अहो म्हाळसाबाई, पहिला नंबर सोडून कुठं?" तात्यासाहेबांनी विचारलं. आयुष्यभर सरकारी कागद वाचून ते निवृत्त झाले होते.

"शाळंमागं. आज टँकर तिथं येनार हाय. तुमी मेसेज वाचला नाय का?"

"त्यात वाचायचं काय? दर वेळचाच तर असतो!"

रांग हसली. म्हाळसाबाईचे कान तापले, पण पाय थांबले नाहीत.

शाळेमागं चिटपाखरू नव्हतं. दहा वाजले. दहा वाजून गेले. काय ही अवदसा आठवली, असं ती स्वतःलाच म्हणत होती, तेवढ्यात भिंतीपलीकडून हॉर्न वाजला. म्हाळसाबाईला इतका आनंद झाला की तिनं रिकाम्या ड्रमवरच थाप मारली.

"एकटीच व्हय मावशी? बाकीचे कुठंयत?" रामकिसननं पाइप सोडत विचारलं.

"येतेत. हलू नको बाबा."

फोन पुन्हा वाजला. तात्यासाहेब ग्रुपवर विचारत होते, 'टँकर कुठे अडकला?'

म्हाळसाबाईनं ग्रुपवर आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. पदराला हात पुसून ती एकेक अक्षर हुडकू लागली. ड्रम काठोकाठ भरला तेव्हा कुठं तिचे दोन शब्द लिहून झाले.

'वर वाचा.'

थोड्याच वेळात वळणावरून रिकाम्या ड्रमांचा धडधडाट ऐकू आला. सगळ्यांत पुढं तात्यासाहेब, धोतर सावरत, धापा टाकत.

"या, या," म्हाळसाबाई हसत म्हणाली, "त्याला धरून ठिवलाय मी."

शालूचं 'बरोबर' दीडला आलं. तोवर म्हाळसाबाईची लुगडी दोरीवर वाळत आली होती.