आधी तुमी बसा

“आधी तुमी बसा, पप्पा. मग मी बसते,” असं म्हणून स्नेहलने दातांच्या दवाखान्याच्या दाराची कडी धरली, ती सोडेचना.

मच्छिंद्रने खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची चांगली होती, पाय लांब करता येत होते. शेजारच्या ट्रेमधली सुई मात्र त्याला पसंत पडली नाही. लसीकरणाच्या वेळी सोनईत तो अशाच सुईसमोर आडवा झाला होता आणि ऊन लागलं असं सांगून मोकळा झाला होता. लस जानेवारीत टोचली होती.

“मॅडम, काम हिचं हाय,” तो म्हणाला. “हिच्या दातांना तार लावायची, त्याच्या आधी चार दात काढायचे, असं ठरलं ना? मधी माझा काय संबंध?”

“तिच्या जबड्यात जागा कमी, काका. चार चांगले दात काढले की बाकीचे सरकून नीट बसतात,” डॉ. निकिता म्हणाल्या. “तुमचं काही दुखतंय का?”

“माझं? काहीच न्हाई.”

दुखत होतं. वर्षभर उजवी दाढ ठणकत होती आणि वर्षभर तो डावीकडनं चावत होता. दाढेत लवंग दाबायचा आणि कुणी विचारलं तर सवय म्हणायचा. त्यातल्या त्यात गेला महिना बरा गेला. बायकोने, सविताने, कुणी न सांगता रोज मऊ खिचडी करायला घेतली. स्नेहलचं बोलणंही कमी झालं. पोरगी शहाणी झाली, असं त्याने धरून चाललं होतं.

“मला लई भीती वाटती,” स्नेहल म्हणाली आणि डोळे पुसायला लागली.

मग बापाचा इलाज संपला. तो खुर्चीत चढला, आ केला आणि वर्षभर लपवलेली दाढ आपण होऊन बोटाने दाखवली. सुई टोचताना त्याने स्नेहलचा हात धरला. दुखलं ते तिच्या हाताला.

थोड्या वेळाने दाढ ट्रेमध्ये होती. तोंडात कापूस, अर्धा गाल बधिर, अशा थाटात मच्छिंद्र कुस्ती मारल्यासारखा उठला आणि त्याने खुर्चीकडे हात केला. आता तू.

“माझे चारी गेल्या महिन्यातच काढले,” स्नेहल म्हणाली आणि आ करून चार रिकाम्या जागा दाखवल्या. “आई घेऊन आल्ती. आज मला नुसती तार बसवायचीय. दात काढायचा नंबर तुमचाच हुता. लवंगेचा वास पार फाटकापतुर येतो, पप्पा.”

मच्छिंद्रला रागवायचं होतं. पण तोंडात कापूस होता. आणि ठणका नव्हता. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढायचं विसरून गेला.

संध्याकाळी सविताने खिचडी वाढली. आज पहिल्यांदाच ती त्याच्यासाठी केली होती.