कोरड्या जागा

आम्ही दोघे स्वयंपाकवाले ट्रेकला आलेल्या पाहुण्यांच्या दोन तास पुढे चालतो. ते पोचेपर्यंत तंबू उभे हवेत आणि चहा उकळता हवा.

त्या दिवशी याकच्या कुरणावर पोचलो तेव्हा बर्फ भुरभुरत होतं. सगळं कुरण पांढरं, पण मधे गवताचे पाच कोरडे चौकोन होते, नुकतेच तंबू उचलल्यासारखे. पाऊल मात्र एकही उमटलेलं नव्हतं.

"कुणीतरी आपली अंथरुणं उबवून गेलंय, दाजू," मला थोरला भाऊ मानणारा माझा मदतनीस फुर्बा हसला.

आमचेही तंबू पाचच. चार तंबू आठ पाहुण्यांचे, एक स्वयंपाकाचा. ते त्या चौकोनांवर बोटभरही फरक न पडता बसले.

दुसऱ्या दिवशी वरच्या कुरणावर तीनच चौकोन होते. पाहुणे मात्र आठच्या आठ आले.

"मागे फिरू या," मी म्हणालो.

"कसे? खालची वाट दरडीखाली गेलीय," फुर्बा म्हणाला. आता तो हसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी खिंडीच्या पायथ्याशी एकच चौकोन होता, स्वयंपाकाच्या तंबूएवढा. आम्ही तो उभारला आणि वळणाकडे बघत बसलो. दोन तास झाले, चार झाले. वळणावर कुणी आलं नाही.

फुर्बाने रोजच्यासारखी मोठी किटली काठोकाठ भरली होती. ती स्टोव्हवर ठेवण्याआधी तंबूच्या दाराबाहेर नेऊन, माझ्याकडे न बघता, त्याने तिरकी केली. पाणी बर्फावर सांडत राहिलं. दोन कपांपुरतं उरलं, तेव्हा त्याने ती सरळ केली.