शेवटची बैठक

"आपली नेत्रतज्ज्ञांची संघटना आता बंद करू या," अध्यक्ष डॉ. शरयू खानविलकर थकल्या आवाजात म्हणाल्या. शहरात बड्या कंपनीचं हॉस्पिटल आल्यापासून एकेकानं आपला दवाखाना विकला होता. बैठकीला जेमतेम पाच जण होते. कुणीच हरकत घेतली नाही. सगळे दाराशी जाऊन चपला घालू लागले.

तेवढ्यात त्याच हॉस्पिटलातली तरुण डॉक्टर मृण्मयी आत आली. "मॅडम, आज एका आजोबांचा मोतीबिंदू काढताना माझ्या हातून भिंगामागची पिशवी फाटली. त्यांना कितपत दिसेल, कळत नाही. तिथं हे कुणापाशी बोलायची सोय नाही हो!"

शरयूताईंना घरी जाऊन नुसतं पडायचं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"परत या सगळे," त्यांनी हाक मारली, "आणि चहा सांगा. पोरीचं नीट ऐकून घेऊ."