मांडवातला शब्द

लवूने कुलपात चावी फिरवली आणि दार ढकललं. सिल्व्हर पार्कच्या या फ्लॅटची एक चावी पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे असायची. पण बेल न वाजवता तो आज पहिल्यांदाच आत शिरत होता.

नेहा स्वयंपाकघराच्या ओट्याला पाठ लावून उभी होती. फरशीवर आमटी सांडली होती, कुकरचं झाकण दाराशी येऊन पडलं होतं. जितेशचा हात वर गेलेला होता. लवूच्या डोळ्यांदेखत तो खाली आला आणि नेहाचा ओठ फुटला.

“जितेश!”

“बाबा, तुम्ही मधे पडू नका.” जितेशने खालचा ओठ दातांत धरला होता. राग चढला की तो असंच करायचा, लवू ती सवय ओळखून होता. “आमचं नवरा-बायकोचं आहे हे.”

“लांब हो तिच्यापासून.”

“तुम्ही शिकवणार मला?”

लवूचा उजवा हात आपोआप उठला. काशीमीऱ्याच्या गॅरेजात तीस वर्षं ट्रकची चाकं उतरवलेला हात तो. एक ठेवून दिली असती तर जितेश भिंतीवर जाऊन आदळला असता. पण लवूने हात खिशात घातला. हाताने काही सुटत नाही हे त्याला कळलं होतं, फक्त फार उशिरा कळलं होतं.

“नेहा, चप्पल घाल. पोलिसात जायचंय, चल.”

बाहेर शेजारच्या दारात एरिक उभा होता. मूळचा उत्तनचा, बायको ऑड्रेबरोबर वर्षभरापूर्वी इथे राहायला आलेला. महिन्याभरापूर्वी लवूने आपला नंबर त्याला देऊन ठेवला होता. आज भरदुपारी त्यानेच फोन केला होता, “अंकल, लवकर या. आज लय जास्त हाय.” मजल्यावरच्या उरलेल्या दोन घरांतून टीव्हीचे आवाज मोठे झाले होते. त्या घरांतही पुरुष होतेच, चांगले धडधाकट. पण कान तेवढा एरिकलाच दिला होता देवाने. लवूला त्या बंद दारांचा मनस्वी संताप आला.

“मी पन येतो,” एरिक म्हणाला. “आवाज मी ऐकलाय ना.”

रिक्षात नेहा दोघांच्या मधे बसली. ओढणीचं टोक तिने ओठावर दाबून धरलं होतं.

“आई रागावतील, बाबा.”

“रागवू दे.”

पेणकरपाड्याचं वळण मागे पडायच्या आत सुलूचा फोन आलाच. जितेशने तिकडे आधीच कान भरून ठेवले होते.

“पोलिसात जाताय म्हणे?” लवूच्या बायकोचा आवाज एवढा चढला होता की रिक्षावाल्यानेही मान वळवली. “डोकं फिरलंय का तुमचं? नोकरी जाईल ना त्याची! स्वतःच्या हाताने संसार मोडताय.”

“ओठ फुटलाय तिचा, सुलू. टाके पडतील.”

“बाईला सोसावं लागतं. मी नाही सोसलं?”

लवूने फोन बंद केला आणि रस्त्याकडे बघत राहिला. दोन वर्षांपूर्वी मांडवात चारचौघांसमोर शब्द दिला गेला होता, पोरीच्या डोळ्यांत पाणी येऊ देणार नाही म्हणून. तो शब्द जसाच्या तसा लवूच्या कानांत होता. त्याला स्वतःची लाज वाटली. पहिल्यांदा तिच्या दंडावरचे वळ दिसले तेव्हाच यायला हवं होतं. तेव्हा तो गप्प बसला, होईल सगळं सुरळीत म्हणत.

पोलीस ठाण्याच्या पायरीवर एरिकने त्याला बाजूला घेतलं.

“अंकल, अजून एकदा विचार करा. नाव लिवलं का मग मागं न्हाय जाता येनार.”

“तू तर कोण ना कुणाचा, तरी आलास,” लवू म्हणाला. “मग मला काय धाड भरलीय?”

आतल्या हवालदार बाई थकलेल्या दिसत होत्या, पण बोलायला बऱ्या होत्या. त्यांनी आधी नेहाला पाणी दिलं, मग कागद पुढे ओढला.

“मारताना बघितलं कोणी?”

“मी फक्त ऐकलं,” एरिक म्हणाला.

“मी बघितलं,” लवू म्हणाला. “डोळ्यांसमोर मारलं.”

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग सुस्कारा सोडला.

“काका, खरं सांगते, राग मानू नका. माहेरची माणसं पोरीच्या बाजूने बोलणारच. समोरचा वकील पहिला तोच मुद्दा काढतो आणि केस तिथेच लुळी पडते. सासरचं एखादं माणूस उभं राहिलं तर गोष्ट वेगळी. पण सोळा वर्षं झाली मला या नोकरीत, तसा एक माणूस आलेला बघितला नाही.”

क्षणभर लवूला वाटलं, उठावं आणि सरळ घर गाठावं. उद्या नाक्यावर, गॅरेजात, गावी गणपतीला कुठल्या तोंडाने उभं राहायचं? घरी सुलू दार तरी उघडेल का? शेजारी नेहा बसली होती. तिच्या ओढणीवरचा डाग मघापेक्षा मोठा झाला होता.

“बोल गं,” हवालदार बाईंनी पेन उचललं. “नवऱ्याचं पूर्ण नाव सांग.”

“जितेश…” नेहा म्हणाली आणि अडली. पुढचं नाव तिच्या तोंडून निघेना. तिने मान वर करून लवूकडे पाहिलं.

लवूने खिशातला हात काढला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

“मी सांगतो, बाई. लिहा,” तो म्हणाला. “जितेश लवू कुळये.”