मुन्नाची शिकवणी

“‘मासोळी रोज पाहिजे, नाही तं मी जेवतच नाही’, असं म्हणजो,” रंजूने मुन्नाकडून तिसऱ्यांदा घोकून घेतलं.

“अन् त्या काकूनं जवळ घेतलं तं?” मुन्नाने विचारलं.

“चावजो.”

दोघं भावंडं अनाथ मुलांच्या संस्थेत येऊन दीड वर्ष झालं होतं. आसगावच्या तलावात जाळी टाकणारे त्यांचे आईबाप एकाच अपघातात गेले, तेव्हापासून. भावंडांची ताटातूट करू नये असा नियम आहे म्हणे. पण नियमाला काही चूल नसते. सहा वर्षांचा मुन्ना सगळ्यांना हवा होता आणि सोळा वर्षांची रंजू कोणालाच नको होती. शेवटी संस्थेच्या मॅडमही म्हणाल्या, एकट्या मुन्नाला तरी घर मिळू दे. तेव्हापासून रंजूची ही शिकवणी सुरू झाली. आतापर्यंत दोन जोडपी तिने अशीच पळवून लावली होती.

आजचं जोडपं पवनीचं, हातमागावर विणकाम करणारं. सेवकराम आणि शोभाताई. दोघांच्या गळ्यात तुळशीची माळ पाहून रंजू मनातून खूश झाली. मासोळीचं नाव काढलं की हे आल्या पावली परत जाणार.

“काय आवडते रे बाबू तुले खायाले?” शोभाताईंनी विचारलं.

“वरण-भात.”

“अन् मासोळी?” रंजूने मध्येच तोंड घातलं.

“मी नाही खात मासोळी,” मुन्ना म्हणाला आणि सरळ शोभाताईंच्या मांडीवर जाऊन बसला.

बोलायला यायच्या आधीपासून रंजूने काटे काढून भरवलेलं पोर! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिकडे सेवकराम हसत होते आणि मॅडम कागद काढायला उठल्या होत्या. एवढी मेहनत केली, ती सगळी पाण्यात.

तिने मुन्नाला दंडाला धरून व्हरांड्यात ओढत आणलं.

“काहून खोटं बोललास रे? मले सोडून जायाची एवढी घाई झाली तुले? जा, आत जाऊन खरं सांग!”

मुन्नाचे डोळे भरून आले. त्याने बाहीने नाक पुसलं.

“स्वयंपाकवाली मंदाबाई म्हणत होती, माह्यासारखा भाऊ गळ्यात हाये म्हून तुले कोणी नेत नाही. आता मी गेलो का तुले नेतीन ना, ताई?”