एका इंचासाठी

"तेहेतीसच लावा," दीप्ती म्हणाली.

राजाराम टायरवाल्याने गाडीकडे नजर टाकली. जोगेश्वरीतल्या त्याच्या दुकानासमोर तिची जुनी जीप उभी होती. गॅरेजवाल्याने ती तीन इंच उचलून दिली होती, पण चाकं मूळचीच होती. पहिलवानाने पोराची चप्पल घालावी तशी ती दिसत होती.

"एकतीस इंची टायर आरामात बसतील, मॅडम. तेहेतीस वळताना मडगार्डला घासणार. स्टेअरिंग जड, पिकअप कमी, डिझेल जास्त. नेणार कुठे एवढी?"

हा प्रश्न तो सगळ्यांनाच विचारायचा. गिऱ्हाइकं लडाख सांगायची आणि गाडी मालाडच्या मॉलखाली उभी करायची.

"ओढ्यातून," दीप्ती म्हणाली.

बुलढाण्याकडच्या एका वस्तीवर तिच्या वडिलांचे थोरले भाऊ कुंडलिक एकटे राहायचे. दीप्ती त्यांना मोठे बाबा म्हणायची. मोतीबिंदू पिकून त्यांचा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यासमोर धुकं दाटत होतं. घाटकोपरच्या डॉक्टरांनी दोनदा ऑपरेशनची तारीख दिली. दोन्ही वेळा ते आले नाहीत. वस्ती आणि गावाच्या मधे बारमाही ओढा होता. गेल्या वर्षी त्यात बैलगाडी कलंडून त्यांचं मनगट मोडलं, तेव्हापासून त्यांनी ओढ्याचं नाव टाकलं होतं. 'गाडी दारात आणा, येतो,' एवढंच ते फोनवर म्हणायचे. दिवाळीत दीप्ती भाड्याची गाडी घेऊन गेली, तर मधल्या दगडावर गाडीचं पोट टेकलं. बैल जुंपून बाहेर काढावी लागली. परत आल्यावर तिने ही जीप घेतली.

"एकतीसपेक्षा तेहेतीसने दोन इंच जास्त मिळतील," ती म्हणाली. "दगड सुटेल."

"एकच," मागून आवाज आला.

तिचे वडील भीमराज टायरच्या चळतीवर बसले होते. विक्रोळीच्या कारखान्यात लेथवर चौतीस वर्षं काढलेला माणूस.

"आस चाकाच्या मधोमध असतो, दीपे. दोन इंच वाढले तर एक खाली जातो, एक वर. गाडी उचलली जाते ती एकच इंच."

"बरोबर बोलले काका," राजाराम म्हणाला. "शिकलेल्या माणसांना हे समजावताना माझ्या नाकी नऊ येतात."

"म्हणजे हे सगळं एका इंचासाठी?" भीमराजांनी विचारलं.

"काका, माझं दुकानच त्या इंचावर चालतं."

भीमराज उठले. जीपखाली वाकून त्यांनी वीत लावून बघितली. मग हात झटकत म्हणाले, "आणि ओढ्यातली वाटच हातभर उचलली तर?"

राजाराम हसला. "मग माझ्याकडे कशाला आलात?"

"पप्पा, काहीतरीच काय!" दीप्ती चिडली. "पूल मंजूर होऊन अकरा वर्षं झाली. तो आता आपण बांधायचा?"

"पूल कोण म्हणतंय? सिमेंटचे नळे टाकायचे. पाणी खालून जाईल, वर मुरूम. चार टायरच्या पैशात होऊन जाईल."

सहा महिने दीप्ती मोबाइलवर टायरच बघत होती. खरं सांगायचं तर तिला फक्त मोठ्या बाबांना आणायचं नव्हतं. ज्या वाटेने तिचे वडील चपला हातात घेऊन मुंबईला निघाले होते, त्याच वाटेने तिला ही उंच गाडी पाणी उडवत न्यायची होती. सगळी वस्ती बघायला जमायला हवी होती. नळ्यांवरून काय, कुणीही गेलं असतं.

वडील तिच्याकडे बघत उभे होते.

"राहू द्या," ती राजारामला म्हणाली. "टायर नकोत."

वस्तीवरच्या आशा सेविकेने, सपनाने, ग्रामपंचायतीचं पत्र मिळवलं. नळे आले. वस्तीने मुरूम वाहिला. भीमराज विक्रोळीत मोबाइल समोर धरून बसायचे आणि ओरडायचे, "डावीकडचा दोन बोटं खाली घ्या!" आठव्या दिवशी माणसं कोरड्या पायांनी ये-जा करू लागली. डॉक्टरांनी तिसरी तारीख दिली, सोमवारची.

शनिवारी पहाटे बापलेक जीप घेऊन निघाले. नाशिकच्या पुढे चहाला थांबले, तर टपरीवाला चाकं बघून हसला. दीप्तीही हसली. दुपारी तीनच्या सुमाराला ओढा आला आणि कळायच्या आत मागे पडला. पाण्याचा एक थेंबही उडाला नाही. भीमराज मात्र मान वळवून कितीतरी वेळ मागे बघत राहिले.

दीप्तीने जीप थेट मोठ्या बाबांच्या दारात नेऊन उभी केली. हॉर्न वाजवला. कुणीच बाहेर आलं नाही. दाराला कुलूप होतं.

भीमराजांचा चेहरा उतरला. "बघ. ऑपरेशनला घाबरला. गेला कुठेतरी लपून."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. विक्रोळीहून त्यांची बायको, सुंदराबाई, बोलत होती.

"अहो, तुम्ही आहात कुठे? दादा आलेत इथे. आत्ताच आले. जेवायला वाढतेय."

"कोण दादा?"

फोन कुंडलिकांनी घेतला. "मीच रे भीमा. पहाटे सपनाच्या स्कूटीवर मागे बसलो, नळ्यांवरून फाट्याला आलो, तिथून एसटी धरली. पोरगी बसली पार इथवर सोबत."

"अरे, पण आम्ही गाडी घेऊन येतोय असं सांगितलं होतं ना!"

"सांगितलं होतं खरं," कुंडलिक म्हणाले. "पण तुमच्या गाडीचा काय भरवसा, बाप्पा? परत ओढ्यात अडकली असती म्हणजे?"