भैरूची फिल्म

युद्धाचं चित्रण करणारा कुडाळकर कॅमेरा घेऊन खंदकात उतरला, तसे जवान चहाचे मग उचलून पलीकडे सरकले. "आला यमाचा फोटोग्राफर," एक जण बोललाच. हल्ल्याआधी त्यानं ज्यांना टिपलं, त्यातले बरेच परतले नव्हते. हल्ल्याचा हुकूम देणाऱ्यांना मात्र कुणी यम म्हणत नव्हतं.

भैरू तेवढा त्याच्या शेजारी येऊन बसला. "सायेब, माझी फिल्म काढा. पोरगी झालीया. तिनं मला बघितलंच न्हाई अजून."

"भीती नाही वाटत?"

"समोर तोफा लागल्यात. तुमच्या डबड्याला कुठं भ्यायचं!"

भैरू हात हलवत हसला. इतक्या दिवसांत जवळ बसलेला हा एकटाच माणूस. त्याला गमावायची कुडाळकरची छाती होईना. त्या भिकार समजुतीवर आता त्याचाही विश्वास बसला होता. फिल्म न भरता त्यानं नुसताच कॅमेरा चालवला.

सकाळी भैरूचं प्रेत आलं. "काढलीस ना त्याची फिल्म? तूच खाल्लंस त्याला!" सुभेदार ओरडला.

नाही काढली, तरी मेला. एवढं सांगितलं की कॅमेरा निर्दोष ठरणार होता, शेजारी बसायला माणसं येणार होती. कुडाळकरनं तोंड उघडलंही.

तेवढ्यात भैरूचा गाववाला डोळे पुसत पुढं आला. "त्याच्या बायकोला लिहितो, फिल्म हाय म्हून. पोरगी मोठी झाली की बाप बघंल. हाय न्हवं, सायेब?"

"आहे," कुडाळकर म्हणाला.

जवानांनी त्याच्या आईबापाचा उद्धार सुरू केला. तो त्यानं निमूट ऐकून घेतला.